मिटलेली दोन पानं

सरकारी कागदावर मी ‘अभिलेख दुरुस्ती सहायक’ आहे, पण त्या नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. ऑफिसात मी चिकट्याची पोर. चिकट्या म्हणजे माझे वडील, आप्पा. त्यांनी छत्तीस वर्षं याच रेकॉर्ड रूममध्ये, याच टेबलावर फाटक्या रजिस्टरांची पानं सांधली. ते निवृत्त झाल्यावर मी परीक्षा दिली आणि त्यांच्याच खुर्चीत बसले. परीक्षेत पहिली आले होते हे मुद्दाम सांगते, कारण निम्म्या ऑफिसला अजून वाटतं की खुर्ची मला वारसाहक्कानं मिळाली. वारसाहक्कानं मिळालं ते फक्त नाव.

ते नाव कसं पडलं हे आधी सांगायला हवं. चोपन्न वर्षांपूर्वी घरोघर फिरून माणसांची नोंद झाली होती, तिला आम्ही जुनी मोजणी म्हणतो. तिच्या जाडजूड रजिस्टरात एकशे बारा आणि एकशे तेरा ही समोरासमोरची पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत. मोजणीनंतर दोन वर्षांनी कधीतरी, नोकरीत नव्या असलेल्या आप्पांच्या हातून सरस सांडला आणि त्यांनी कुणाला न सांगता रजिस्टर कपाटात ठेवून दिलं, असं त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं लिहिलंय. ‘अक्षम्य निष्काळजीपणा.’ त्यांना बढती कधी मिळाली नाही, नाव मात्र लगेच मिळालं.

मला त्या दोन पानांचा लहानपणापासून राग होता. घरी हा माणूस इतका टापटिपीचा की टॉवेलची घडी चुकली तरी उलगडून पुन्हा घालणार, आणि ऑफिसात असा वेंधळेपणा करून बसला? मी कधी विचारलं नाही. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला लाज वाटायची. अठरा वर्षांत माझ्या हातून सरसाचा एक थेंब कुठे पडला नाही, त्यामागे कलेवरचं प्रेम कमी आणि ही लाजच जास्त.

आमच्या खोलीत पाच राजवटींची रजिस्टरं आहेत. पहिलीच्या पुठ्ठ्यावर मुकुट, दुसरीच्या पुठ्ठ्यावर तलवार, पुढच्यांवर काय काय. दर वेळी नवं सरकार आलं की शिक्का बदलला, मथळ्यांची भाषा बदलली, धर्माचा रकाना कधी आला, कधी गेला, कधी ठळक होऊन परत आला. सीमा तर दोनदा सरकली, त्यामुळे काही गावांची रजिस्टरं आमच्याकडे आणि गावं पलीकडे अशी गंमत आहे. आतली माणसं मात्र तीच. तीच सुताराची विधवा, तेच जुळे भाऊ, एका रजिस्टरात सात वर्षांचे आणि पुढच्यात सतरा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं की तुम्ही आता कुठल्या देशात राहता. इतिहासाच्या पुस्तकांत राजे असतात. आमच्याकडे त्यांच्या हुकमामुळे बिऱ्हाड हलवलेली माणसं असतात, आणि मला तीच जास्त ओळखीची वाटतात.

तर त्या सोमवारी सुईणमावशी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

सुईणमावशी बहात्तर वर्षांची. विहिरीच्या गल्लीत राहते. या गावातली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मलीत, त्यात मीही. तिचा धर्म आमच्याहून वेगळा, पण बाळंतपणाच्या वेळी कुणी ते आठवत नाही, मागाहून आठवतं. एरवी ती आली की आधी थट्टा. “काय गं, आज कुणाला चिकटवलंस?” त्या दिवशी तिनं नुसता कागद पुढे केला.

नोटीस होती. नवीन नियम लागू झाल्याचं मला माहीत होतं, त्याच्यासाठी लोक रोज रांगा लावत होते. ज्यांच्या ‘रहिवासाबद्दल शंका’ आहे त्यांनी आपलं कुटुंब जुन्या मोजणीत असल्याचं दाखवायचं. मोजणीच्या आधी पाच वर्षांत जे बाहेरून आले त्यांना ‘उपरे’ म्हणून वेगळी सुनावणी, आणि तिथे जुन्या रहिवाशाची साक्ष लागणार. ज्यांचं नावच सापडणार नाही त्यांना आठ दिवसांत सीमेपलीकडे पाठवणार.

“सीमेपलीकडे माझं कोण आहे गं?” मावशी म्हणाली. “तिथलं मी एक झाड ओळखत नाही.”

मी सूची काढली. विहिरीची गल्ली, शेवटची अकरा घरं, पान एकशे बारा. मी बोट तिथेच ठेवून बसले. वर पाहायची हिंमत होईना.

“चिकटलेलं?” तिनं विचारलं. तिलाही ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“चिकटलेलं.”

ती हसली. “तुझ्या बापानं मला बरी अडकवली.” आणि मग ती माझ्या स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. या बाईला मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहत होते. मला बापाचा इतका संताप आला की हातातली सुरी मी टेबलावर आपटली.

घरी गेले ती चप्पल न काढता थेट आप्पांसमोर. ते खिडकीशी बसून बटण शिवत होते. शहात्तराव्या वर्षी हात थरथरतात, पण बटण आपलं आपणच शिवायचं हा हट्ट.

“तुमच्या त्या पानांपायी सुईणमावशी देशाबाहेर चाललीय,” मी म्हणाले. मग तोंड सुटलंच. सेवापुस्तक काढलं, ऑफिसातली टिंगल काढली, शाळेत पोरं मला काय चिडवायची तेही काढलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. दोरा दातांनी तोडला.

“ते उघडेल,” ते म्हणाले.

“काय उघडेल? सरस आहे तो! ओढलं तर चिंध्या होतील. पुठ्ठ्यावर शिक्का मारलाय, ‘उघडू नये’ म्हणून.”

“सरस फक्त कडेला आहे. बोटभरसुद्धा नाही. आत खळ आहे.”

ज्यांनी पानं सांधलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सरस पुठ्ठ्याला लावतात. तो एकदा बसला की कागद फाटेल पण सुटणार नाही. खळ म्हणजे पिठाची साधी लापशी. ती ओल दिली की पुन्हा सुटते. आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात: जे पुढेमागे कुणाला उघडावं लागेल ते खळीनं जोडायचं.

मी खाली बसले. “म्हणजे सांडलं नव्हतं.”

“माझ्या हातून कधी काही सांडलंय?” त्यांचा आवाज जरा दुखावलेला होता. बावन्न वर्षं हा माणूस निष्काळजी म्हणवून घेत राहिला आणि आता तेवढ्यावरून दुखावला.

मग त्यांनी सांगितलं. दंगलीचं वर्ष. सुईणमावशीच्या धर्माच्या लोकांना हुडकून जाळत होते. घरं सरमिसळ, बाहेरून ओळखू येणार नाहीत, म्हणून त्यांना मोजणीचं रजिस्टर हवं होतं. त्यात धर्माचा रकाना होता. हेडक्लार्कनं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, संध्याकाळी माणसं येतील, निमूट देऊन टाक. आप्पांच्या हाती एक दुपार होती. त्यांनी पान खळीनं मिटवलं, दाबाखाली घातलं, कडेला सरसाची रेघ ओढली, म्हणजे कुणी नखानं चाचपलं तरी सगळं सरसाचंच वाटावं. रात्रीपर्यंत त्या लोकांनी रजिस्टर चाळून यादी केली. विहिरीच्या गल्लीतली ती अकरा घरं यादीत आली नाहीत.

“एकच पान का?” मी विचारलं. “बाकीची का नाही?”

आप्पा सुई डबीत ठेवायला लागले. डबीचं झाकण बसेना. “खळ वाळायला वेळ लागतो,” ते म्हणाले. “ओलं पान कुणीही उघडतं.” डबी त्यांनी तशीच खिडकीत ठेवली. मग म्हणाले, “उघडशील ना, तर एक ध्यानात घे. समोरच्या पानावर आपण आहोत.”

“आपण म्हणजे?”

“तुझे आजोबा, आजी आणि मी. आपण नदीपलीकडचे. मोजणीच्या आदल्याच वर्षी आलो.”

आप्पांनी गावाचा विषय कधी काढला नव्हता. मी समजत होते की आम्ही इथले, पिढ्यान्‌पिढ्यांचे. रेकॉर्ड रूममध्ये दुसऱ्यांची मुळं हुडकून देते आणि माझी मला ठाऊक नाहीत. शिवाय पान आमचंही चिकटलेलंच होतं, पण नोटीस आम्हाला आली नाही. आमचं आडनाव वाचून कुणाला शंका येत नाही. तिचं वाचून येते.

“म्हणजे पान उघडलं की ती सुटणार आणि आपण उपरे ठरणार,” मी म्हणाले.

“हो. माझं काय, मी चाललोच आहे. तुझं तू बघ. नोकरी तुझी आहे.”

मी दोन दिवस नीट जेवले नाही. मी काही संत नाही. पान न उघडण्याची चांगली चांगली कारणं मला सुचत होती, आणि सगळी नियमात बसणारी होती. उघडू नये असा शिक्काच होता की. बुधवारी संध्याकाळी मी मुद्दाम वळसा घालून विहिरीच्या गल्लीवरून घरी जात होते, तर मावशी दारात बसून घरातली भांडी शेजारणींना वाटत होती. मला पाहून हाक मारली. “अगं, मोठी परात तुला ठेवलीय, तुझी पहिली अंघोळ हिच्यातच झालीय!” मी परात घेतली नाही. तडक ऑफिसात परत गेले आणि साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला.

साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, स्वभावानं गरीब, सहीला घाबरणारे. “फाटलं तर?” त्यांनी विचारलं.

“फाटलं तर माझी नोकरी घ्या.”

“आणि नाही फाटलं तर?”

“तर दोन्ही पानं स्कॅन करून नोंदीत चढवायची. दोन्ही.”

गुरुवारी सकाळी टेबलाभोवती आम्ही चौघं होतो. साहेब उभे, मावशी स्टुलावर, आप्पा माझ्या खुर्चीत. त्यांनी जुना निळा अॅप्रन घातला होता, तो अंगावर मोठा झाला होता. सुरी त्यांनी हातात घेऊन पाहिली, थरथर पाहिली आणि माझ्याकडे दिली. “कडेनं. दोरा जाईल इतकंच.”

मी तपकिरी सरसाची कड कापून काढली. मग टिपकागद ओला करून, पिळून, पानाच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्या पानाच्या पाठीलाही ठेवला, वर काच आणि वजन. त्या काळची शाई पक्की, पाण्याला दाद देत नाही, तरी मी काच दोनदा सरळ केली. आता वाट बघायची. साहेब तीनदा घड्याळ बघून झाले, म्हणाले, “जरा उचलून बघायचं का?”

“ओढायचं नसतं हो,” मावशी म्हणाली. “आमच्याकडेही असंच. बापे बाहेर येरझाऱ्या घालतात आणि विचारतात, ओढून काढता येत नाही का.” साहेबांचे कान लाल झाले. आप्पा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले.

पाऊण तासानं मी कोपऱ्यात हाडाची पट्टी सरकवली. कोपरा सुटला. हलकासा आवाज झाला आणि पान वळायला लागलं. मी बोटाबोटानं पुढे जात होते, आणि शेवटी दोन्ही पानं टेबलावर उताणी पडली. कुठेही चीर नव्हती.

साहेब वाचायला लागले. एकशे बारा. विहिरीची गल्ली, घर चोवीस. सुईण, तिचा नवरा, मुलगी वय अठरा. धर्माचा रकाना. मग ‘केव्हा आले’ या रकान्यात: सहा पिढ्यांपूर्वी. ‘कारण’ या रकान्यात: दुष्काळ. मावशीनं त्या सुईणीच्या, आपल्या आईच्या, नावावर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवून राहिली.

मग एकशे तेरा. नदीकाठची वस्ती, झोपडी तीन. माझे आजोबा, आजी, मुलगा वय एकवीस. केव्हा आले: मागील वर्षी. कारण: धर्मावरून हाकलले. साहेब वाचता वाचता थांबले, आप्पांचं नाव त्यांनी पुन्हा वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, “ताई, अर्ज एकशे बाराचाच आहे. हे पान मी पाहिलं नाही.”

त्यांचा हेतू चांगला होता. मी पान त्यांच्याकडे वळवलं. “हे बघा,” मी म्हणाले. बावन्न वर्षं तोंडाला तोंड लावून पडल्यामुळे एका पानाची ती पक्की शाईसुद्धा दुसऱ्यावर उतरली होती. आजोबांच्या ओळीवर मावशीच्या घराची ओळ, फिकट, उलट्या अक्षरांत. तिच्या पानावर आमची. “आता एकशे बारा वाचलं की एकशे तेराही वाचलं जातं. चढवा दोन्ही.” साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि चढवली.

मावशी तोवर उठून आप्पांच्या पायाशी वाकली होती. दंगलीच्या दुपारची गोष्ट मी तिला त्या सकाळीच सांगितली होती; इतक्या वर्षांत तिला ठाऊकच नव्हतं की आपलं घर का वाचलं. ती नशिबाला श्रेय देत आली होती. “दादा, अकरा घरं,” ती म्हणत होती. “अकरा घरं तुम्ही...”

“ऊठ,” आप्पा म्हणाले. “ऊठ बाई, पाया पडू नको. मी तुमच्यासाठी केलं नव्हतं.”

आप्पांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. “एकच पान मिटवायला वेळ होता. मला भीती होती, आधी तुमच्या लोकांना हुडकतील, मग नव्यानं आलेल्यांना. आम्ही एकदा जळालेलं घर सोडून आलो होतो. म्हणून मी आमचं पान निवडलं, एकशे तेरा. तुमचं समोर होतं, म्हणून मिटलं. एकशे वीसवर कुंभाराचं घर होतं. एकशे एकतीसवर माझा मित्र होता. ती पानं उघडी राहिली.” “मला निष्काळजी म्हणाले ते बरंच झालं. मला कुणी चांगलं म्हटलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं?”

मला माझ्या बापाला जवळ घ्यायचं होतं आणि मी हाडाची पट्टी पुसत राहिले. मी लहानपणापासून चुकीच्या गोष्टीची लाज बाळगली होती, आणि त्यांनी बावन्न वर्षं खऱ्या गोष्टीची.

मावशी उठली. पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग आप्पांचे, दोन्ही हातांनी, लहान पोराचं तोंड पुसावं तसे. “दादा,” ती म्हणाली, “पन्नास वर्षं पोरं काढली मी. कुठलं पोर कुणाला हवं होतं, कुठलं नको असताना झालं, मी कधी विचारलं नाही. रडलं का, एवढंच बघायचं. आम्ही अकरा घरं रडलो, हसलो, जगलो. बस झालं.”

आप्पांनी तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

सुनावणीची नोटीस मला नवव्या दिवशी आली. ‘उपरे’ या शब्दाखाली माझं नाव, आप्पांचं नाव. ज्या रांगेतल्या लोकांना मी काउंटरच्या आतून बघत आले, त्यात मी जाऊन उभी राहिले, शेजारी आप्पा घडीच्या खुर्चीवर. ऑफिसातले लोक येता-जाता नजर चुकवत होते. त्यात कुणी चिकट्याची पोर म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आमच्यासाठी साक्ष कोण देणार हा प्रश्नच होता, कारण ज्यांना विचारलं त्या तिघांना त्या दिवशी नेमकी महत्त्वाची कामं निघाली होती.

आमचा नंबर आला. अधिकारी नवा होता, बाहेरून बदलून आलेला. त्यानं कागदावरून वर न बघता विचारलं, “जुना रहिवासी साक्षीदार?”

“आहे ना,” मागून आवाज आला. “सरका, सरका जरा, मी इथली आहे!”

सुईणमावशी रांग कापत पुढे आली. हातात एकशे बाराव्या पानाची शिक्का मारलेली नक्कल होती, ती तिनं टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यानं वाचली. सहा पिढ्या. त्यानं पहिल्यांदा मान वर केली, आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“या बाईंना तुम्ही कधीपासून ओळखता?”

“हिच्या आईच्याही आधीपासून,” मावशी म्हणाली. “आईनं हिला पाहिलं ते मागाहून. पहिली मी पाहिली. पायाकडून येत होती, हट्टी. विहिरीच्या पाण्यानं मी तिला धुतलं, माझ्याच परातीत. लिहा की साहेब, केव्हा आली ते. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, मंगळवारी, पहाटे. कुठून आली, तेही लिहा. माझ्या हातातून.”